खिळ्याची जागा

काल खारबांधाच्या उघडीची फळी बदलली.
फणसाची. एकेचाळीस वर्षांपूर्वीही जुनीच होती,
खाडीच्या अंगाला काळीठिक्कर, शिंपल्यांनी भरलेली.
कोयत्याने शिंपल्या खरवडल्या
तर खाली मेणाचा ठिपका,
मेण नखाने काढलं तर भोक.

आधी मागचं सांगतो.

मेरेच्या दोन हात जागेसाठी
सावंतवाडीच्या कोर्टात मी रुझारीनशी हरलो.
नवरा वर्षापूर्वी गेलेला, पोर कडेवर,
तारखेला ती वेंगुर्ल्याच्या गाडीत उभ्याने यायची.
हरलो त्याचं नव्हतं एवढं.
बाजारात उंडे घेताना पोदेर हसला, ते लागलं.

भादव्याची अवस. भात दुधात आलेलं.
उधाण बांधाला थटत होतं
आणि मी उघडीवर, दोन्ही हातांनी फळी ओढत.
वीतभर वर आली असती तरी पुरे,
उरलेलं खाडीने केलं असतं.
खाडीला कोण कोर्टात नेतो?

फळी हलली नाही.
लाकूड फुगलंय, म्हटलं. शिव्या घातल्या
पावसाला, फणसाला,
आणि ती बसवणाऱ्या नातोल मेस्तला, तिच्याच मेलेल्या नवऱ्याला.
तळहाताची सालं तिथे ठेवून घरी आलो.
झोपण्याआधी, सवयीने, गुडघे टेकून म्हटलं:
आम्हाला मोहात पडू देऊ नको.

सकाळी विहिरीवर ती.
"हाताक काय झाला?"
"लागला वायच."
घरात जाऊन कोकमाचं मुठेल घेऊन आली,
पायरीवर ठेवलं, कळशी उचलली, गेली.

रविवारी नव्याचा सण.
वेदीसमोर लोंब्यांच्या जुड्या, त्यात तिचीही,
फादर हिलारियोंनी तीर्थ शिंपडलं,
चार थेंब माझ्या हातावर. झोंबले.

संध्याकाळी कुमसाराला गेलो.
"काय केलंस?"
"काही नाही."
"मग?"
"केलं असतं."

जाळीपलीकडे फादर गप्प. तपकिरीचा वास तेवढा येत होता.
मी मनात हिशेब मांडून आलेलो:
भात उभं आहे, पाणी आलं नाही,
देव वहीत लिहील तर कशाच्या नावावर लिहील?
"शेतात आलं नाही," ते म्हणाले,
"तुझ्यात आलं की. बस्त्याव, तू अजून खारट आहेस."

मला वाटलं दहा नमो मारिया देतील.
त्यांनी उघडी दिली.
भरतीला पाड, ओहोटीला उचल.
किती दिवस, ते सांगितलं नाही,
आणि पुढच्या मे महिन्यात त्यांची बदली झाली.

तर भोक.
चौकोनी. घरबांधणीचा खिळा गोल भोक पाडतो,
चौकोनी खिळा होडीचा.
गावात होड्या एकच माणूस बांधायचा,
त्याची हत्यारपेटी विकायला ती कधी तयार झाली नाही.
चौकटीतही समोरासमोर तसंच भोक, तेही मेणाने बुजवलेलं.
इगर्जीच्या मेणबत्तीचं मेण, बोटाचा ठसा अजून त्यात.

म्हणजे भरतीआधी ठोकला,
आणि विहिरीवर यायच्या आधी उपटला.
म्हणजे तिला ठाऊक होतं,
मला स्वतःला नक्की ठाऊक होण्याआधी.

भात वाचवायचं होतं तिला, एवढंच असेल.
पण मग पंचायतीत का नाही गेली?
पोराटोरांना घेऊन बांधावर का नाही बसली, कंदील लावून,
मला सगळ्यांसमोर धरायला?
मोहात पडू देऊ नको, मी म्हणत होतो,
आणि कोणीतरी काळोखात, चिखलात उभं राहून
हातोडीला फडकं गुंडाळून, आवाज न करता,
त्याचं उत्तर ठोकून गेलं होतं.

आज तिच्या ओट्यावर गेलो.
ती आता कानाने कमी, सोलं वाळत घालत होती.
"नवी घट्ट बसता?"
"बसता."
"जुन्या फळयेचा काय केलंस?"
"ठेवलंय."
"कित्याक?" तिने माझ्या हाताकडे बघितलं, तोंडाकडे नाही.
"जाळून टाक."

चुलीपाशी उभी करून ठेवली आहे.
अजून पेटत नाही. खारं लाकूड,
वाळायला वेळ घेतं.